ऑक्सिजनचं मशीन दिलंत, आता ते बघणारं पदही द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: जिल्हा रुग्णालयांच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) रेस्पिरेटरी थेरपिस्टचं पद मंजूर करून घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांची जबाबदारी त्याच्याकडे देण्याबाबत

महोदय,

आरोग्य खात्याच्या भरतीची जाहिरात आली की मी ती शेवटच्या पानापर्यंत वाचते. प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतो, क्ष-किरणवाला असतो, ईसीजी तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, औषधनिर्माण अधिकारी, सगळे असतात. त्या सगळ्यांची गरज आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. रेस्पिरेटरी थेरपिस्ट हे पद मात्र त्या यादीत माझ्या नजरेला अजून पडलेलं नाही. मी तेच काम करते. पदवी आहे, अनुभव आहे, खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत नोकरी आहे, आणि सुट्टीच्या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांत घरी ऑक्सिजनवर असलेल्या लोकांकडे जाते. लोक मला सिस्टर म्हणतात, काही जण मॅडम, आणि एका वाडीत तर मी ‘ऑक्सिजनवाल्या बाई’ आहे. सरकार दरबारी मी काय आहे, ते अजून ठरायचं आहे.

हे काम नेमकं काय, ते आधी सांगते, कारण आमचं नाव ऐकून बऱ्याच अधिकाऱ्यांना आम्ही वाफ देणारे वाटतो. व्हेंटिलेटर लावणं, रुग्णाच्या फुफ्फुसाप्रमाणे त्याची सेटिंग डॉक्टरांबरोबर ठरवणं, धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी करणं आणि तो वाचणं, माणूस व्हेंटिलेटरवरून कधी सुटू शकेल याचा रोज अंदाज घेणं, नळीतला कफ ओढणं, नवजात बाळाला सीपॅप (सतत हवेचा दाब देऊन श्वासाला आधार देणारं यंत्र) लावणं, स्पायरोमेट्री म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजणं, झोपेतल्या श्वासाची तपासणी, आणि घरी जाणाऱ्या रुग्णाला मशीन, मास्क, इनहेलर नीट शिकवून पाठवणं. पदवीला साधारण चार वर्षं लागतात, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मी शिकायला मणिपालला गेले. माझ्या वर्गातली बरीच मुलं केरळची होती आणि त्यांच्या घरच्यांना हा कोर्स म्हणजे काय ते आधीपासून ठाऊक होतं. माझ्या वडिलांना अजूनही लग्नकार्यात सांगताना अडखळायला होतं. शेवटी ते ‘नर्सिंगसारखंच काहीतरी’ म्हणून मोकळे होतात.

आता २०२१ सालाकडे येते. तो एप्रिल महिना महाराष्ट्र विसरलेला नाही. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला, दाब पडला आणि वीसहून जास्त माणसं गेली. त्याच महिन्यात, २८ तारखेला, पीएम केअर्समधून देशासाठी १ लाख ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी मशीन, घ्यायचं जाहीर झालं. त्याशिवाय कारखान्यांनी दिले, परदेशातल्या मराठी मंडळांनी पाठवले, रोटरीवाल्यांनी वर्गणी काढून आणले. यंत्रांचा पूर आला, आणि चांगलंच झालं. पुढच्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठापुढे व्हेंटिलेटरचा वाद उभा राहिला. तिथल्या घाटी या सरकारी रुग्णालयाला मिळालेली यंत्रं सदोष आहेत असं इकडून म्हणणं, आणि यंत्रं ठीक आहेत, वापरणाऱ्यांना नीट प्रशिक्षण नाही असं केंद्राकडून म्हणणं. केंद्राच्या त्या भूमिकेवर न्यायालयाने नाराजी दाखवली. यंत्रं सदोष होती की नव्हती यावर मी बोलणार नाही, तो न्यायालयाचा विषय. पण व्हेंटिलेटरशेजारी उभं राहून यात बिघाड कुठे आहे आणि सेटिंगची चूक कुठे आहे हे सांगणारा माणूस प्रत्येक जिल्ह्यात नोकरीवर असता, तर त्या वादातला निम्मा भाग वॉर्डातच मिटला असता असं मला आजही वाटतं.

लाट ओसरली, वॉर्ड रिकामे झाले. मशीन मात्र दोन ठिकाणी उरली, भांडारात आणि घरांत.

भांडारातल्या मशीनचं आधी सांगते, कारण त्याला पैसे लागत नाहीत. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन ‘बनवत’ नाही. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. मशीनमध्ये झिओलाइट नावाच्या खड्यांचे दोन डबे असतात, ते दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडतात. या खड्यांचा शत्रू म्हणजे ओलावा. मशीन महिनोन्‌महिने बंद पडून राहिलं, त्यातून दोन पावसाळे गेले, की झिओलाइट ओल शोषतं आणि नायट्रोजन धरायची ताकद गमावतं. वरून मशीन नवंकोरं दिसतं, घरघर करतं, नळीतून वाराही येतो. त्या वाऱ्यात ऑक्सिजन किती, हे हाताला कळत नाही, त्याला अ‍ॅनालायझर लावून बघावं लागतं. एका ठिकाणी धूळ खात ठेवलेली तीन मशीन मी लावून पाहिली, त्यातल्या एकाचा ऑक्सिजन ७० टक्क्यांच्या खाली होता. ते तसंच कोणाच्या घरी गेलं असतं तर घरच्यांनी मिनिटाला दोनाचं चार लिटर केलं असतं, चाराचं पाच, आणि ‘मशीन चालू हाय, पण दम जाईना’ असं म्हणत बसले असते.

आता घरांचं.

आमच्याकडे घरी ऑक्सिजनवर असलेली माणसं कोण आहेत ते बघा. इचलकरंजीत यंत्रमागावर आयुष्य काढलेले, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वाळूची धूळ खाल्लेले, टीबी बरा होऊनही अर्धं फुफ्फुस गेलेले, आणि कधी विडी न ओढलेल्या, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बायका. चुलीच्या धुराने सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) होतो हे जगाला पटवून देण्यात पूर्वी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेल्या डॉ. संदीप साळवी यांचं मोठं काम आहे. देशात २०१६ साली साडेपाच कोटींच्या आसपास लोकांना सीओपीडी होता, असा अंदाज आहे. त्यातल्या सगळ्यांना ऑक्सिजन लागत नाही. ज्यांना लागतो त्यांना मात्र तो औषधासारखा, मोजून लागतो.

हे मोजमाप काही आज ठरलेलं नाही. अमेरिकेतल्या १९८० च्या आणि ब्रिटनमधल्या १९८१ च्या अभ्यासांनी दाखवलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर खाली गेलेल्या सीओपीडीच्या रुग्णाने दिवसातले किमान १५ तास ऑक्सिजन घेतला तर तो जास्त जगतो. तास-दोन तास, दम लागेल तेव्हा घेतला, तर तो फायदा मिळत नाही. आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने उलट बाजू दाखवली: ज्यांचं सॅच्युरेशन (बोटावरच्या ऑक्सिमीटरला दिसणारी रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) थोडंसंच कमी आहे, त्यांना घरी ऑक्सिजन लावून आयुष्यही वाढत नाही आणि दवाखान्याच्या फेऱ्याही कमी होत नाहीत. म्हणजे कोणाला लावायचा, किती लिटर, किती तास आणि कधी बंद करायचा, असे चार निर्णय आहेत. न्यूमोनियातून उठून घरी ऑक्सिजनवर पाठवलेल्या माणसाला तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासावं, कारण त्यातल्या पुष्कळांना त्याची गरज उरलेली नसते, असं छातीरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. आपल्याकडे हे चारही निर्णय कोण घेतं? कागदावर डॉक्टर. प्रत्यक्षात मोटारसायकलवरून मशीन पोचवणारा डीलरचा पोरगा.

त्या पोराबद्दल मला राग नाही. तो रात्री अकराला फोन केला तरी येतो, डिपॉझिटला थांबतो, मशीन दुसऱ्या मजल्यावर एकटा चढवतो. जाताना सांगतो, “काका, दोनवर ठेवा, दम लागला तर वाढवा.” त्याला कोणी तेवढंच शिकवलंय. पण या एका वाक्याने काय होतं ते मी पाहिलं आहे. हातकणंगले तालुक्यातल्या एका घरी फौंड्रीतून निवृत्त झालेले काका होते. सुनेने कौतुकाने सांगितलं, “आता कसं, गप झोपत्यात. आधी रातभर खोकत बसायचे.” काका भर दुपारी झोपले होते. हाक मारली की डोळे उघडायचे, हो म्हणायचे आणि परत मिटायचे. सकाळी डोकं दुखतं म्हणत होते. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८. घरच्यांना वाटलं, वा. सीओपीडीच्या अशा माणसाला ८८ ते ९२ पुरतं, ९८ ही धोक्याची खूण. मशीनचा नॉब पाचवर होता. शेजारच्या मुलाने ‘फुल’ करून दिला होता. जास्तीचा ऑक्सिजन दिला की अशा रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि बोटाला लावलेलं यंत्र ते दाखवत नाही. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. एबीजीत कार्बन डायऑक्साइडचा जो आकडा ४० च्या आसपास हवा तो ७८ होता. दोन रात्री बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणाऱ्या यंत्रावर काढल्या. पुढच्या भेटीत काका उशाला टेकून बसले होते आणि चहात साखर घालत नाही म्हणून सुनेशी भांडत होते.

त्याच घरात मशीन कपाटामागे भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, आवाज होतो म्हणून. मागच्या जाळीचा फिल्टर कापसाच्या वातीसारखा झाला होता. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत बोअरचं पाणी, तळाशी पांढरा थर. आणि नळी देवघरासमोरून गेलेली, तिथे सकाळ-संध्याकाळ निरांजन. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो. नळीवर पाय पडून ती निसटली आणि निरांजनाशी पडली तर काय होईल, हे समजावायला मला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांसाठी राज्यात कोणाचीच नेमणूक नाही.

खर्चाचंही जरा बघा. पाच लिटरचं मशीन साधारण साडेतीनशे वॅट खातं. रोज १५ तास चाललं तर महिन्याला दीडशेवर युनिट होतात, म्हणजे शंभर युनिटांच्या आत असलेलं गरीब घर एकदम वरच्या दरात जातं. मग तास कमी केले जातात. कोणी सांगत नाही, पण मशीनवरचं तासांचं मीटर सांगतं. मळ्यातल्या वस्तीवर वीज गेली की जवळ सिलेंडर लागतो. बी टाइप सिलेंडरमध्ये दीड हजार लिटरच्या आसपास ऑक्सिजन असतो, मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास पुरतो. हे गणित घरच्यांना येत नाही आणि सिलेंडर देणारा करून देत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून आयसीयूचा खर्च निघतो, पण डिस्चार्जनंतरचं मशीनचं भाडं घरच्यांच्या बोकांडी बसतं. मग तोच माणूस महिन्याभरात परत आयसीयूत येतो, आणि तेव्हा योजना पुन्हा पैसे देते.

आता आमच्या करिअरचं, कारण प्रश्न तिथे अडकला आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलापुढे रस्ते थोडेच आहेत. पुण्या-मुंबईच्या मोठ्या खाजगी आयसीयूत नोकरी. पगार सुरुवातीला असा की सांगायला लाज वाटते, आणि पाच वर्षांनी वर चढायला शिडी नाही. विभागप्रमुख थेरपिस्ट असा हुद्दाच बहुतेक ठिकाणी नाही. दुसरा रस्ता कंपनीचा. व्हेंटिलेटर विकणाऱ्या कंपन्या ‘अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट’ म्हणून आमच्यातले हुशार उचलतात. तिसरा आखाताचा. सौदीची किंवा दुबईची परवाना परीक्षा द्यायची, कागदपत्रं पडताळून घ्यायची आणि निघायचं. माझ्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रात्री उशिरा जागा होतो, कारण निम्मे तिकडे ड्युटीवर असतात. जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. इथे ज्याला ‘टेक्निशियन, ए’ म्हणून हाक मारतात, त्याला तिथे आयसीयूच्या राउंडमध्ये मत विचारतात. आणि घरी जाऊन रुग्ण बघणं, जे माझ्या मते या पेशातलं सगळ्यात उपयोगाचं काम, ते कोणत्याच रस्त्यावर नाही. ते माझ्यासारखे काही जण रविवारी करतात. (अमेरिकेतही घरी जाणाऱ्या थेरपिस्टचे पैसे मेडिकेअर वेगळे देत नाही, हे इथे सांगायला हवं. तिकडचं सगळं आयतं उचलावं असं माझं म्हणणं नाही.) केरळने मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रापासूनच दम्याच्या आणि सीओपीडीच्या रुग्णांसाठी ‘श्वास’ कार्यक्रम चालवला. तो लांबचा देश नाही, कोकण रेल्वेने जाता येतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत श्वसन तंत्रज्ञांचा व्यवसाय नोंदवला. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापन कराव्यात असं त्यात लिहिलं होतं. तीन वर्षं झाली तरी अंमलबजावणी रखडलेली पाहून १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून दिली. या परिषदांकडची नोंदणी महत्त्वाची आहेच. सहा महिन्यांचं ‘रेस्पिरेटरी टेक्निशियन’चं प्रमाणपत्र वाटणारी दुकानं गल्लीबोळात निघाली आहेत, आणि नोंदणीशिवाय त्यांच्यातला आणि आमच्यातला फरक नातेवाइकाला कळायचा कसा? पण नोंदणीने नोकरी मिळत नाही. त्यासाठी आकृतिबंधात पद लागतं, सेवाप्रवेश नियम लागतात, वेतनश्रेणी लागते, आणि ते मंत्रालयातच होतं.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सुरुवातीला दोन पदं, कंत्राटी नव्हे, नियमित. त्यांनी सकाळी आयसीयू आणि नवजात शिशू कक्ष बघावा, आठवड्यातून एक दिवस ऑक्सिजनची ओपीडी चालवावी, जिथे घरी ऑक्सिजनवर असलेल्या प्रत्येकाची दर तीन महिन्यांनी तपासणी होईल, आणि एक दिवस गाडी घेऊन घरं फिरावीत. भांडारातली मशीन तपासून, चालती ठेवून, गरजूंना वापरायला देण्याची पेढी त्यांच्याच ताब्यात असावी. लिटर आणि तास डॉक्टर लिहून देतील, आम्ही ते पाळलं जातंय की नाही ते बघू आणि बदल हवा असेल तर कळवू. थेरपिस्ट उद्या स्वतःचा दवाखाना थाटतील अशी भीती काही छातीरोगतज्ज्ञांना वाटते. ज्यांनी एकदा चांगल्या थेरपिस्टबरोबर आयसीयूची रात्रपाळी काढली आहे, त्यांच्या तोंडी ही भीती मी ऐकलेली नाही. ‘हे काम परिचारिका करतीलच की’ असंही उत्तर येईल. त्यांच्याकडे आधीच किती खाटा असतात ते तुम्ही एखाद्या रात्री न सांगता जाऊन बघा, मग पुन्हा म्हणा.

वैद्यकीय शिक्षण विभागाकडे वेगळी विनंती. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठामार्फत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत या पदवीला पुरेशा जागा द्या, पण त्या पदनिर्मितीबरोबरच द्या. आधी जागा आणि मग कधीतरी पदं, असं झालं तर आपण सरकारी खर्चाने आखाताला माणसं पुरवू. अभ्यासक्रमात घरच्या ऑक्सिजनची फिरती इंटर्नशिप ठेवा. आयसीयूत चार तास उभं राहून जे कळत नाही ते एका वस्तीवर अर्ध्या तासात कळतं: नळी कुठून न्यायची, मशीन कुठल्या प्लगला लावायचं, आणि घरात लिटरचा नॉब कोणाच्या हाताखाली आहे.

निधीची अडचण सांगाल, तर पदं मंजूर होईपर्यंत करता येण्यासारखं एक काम आहे. २०२१ पासून जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत आलेल्या सगळ्या कॉन्सन्ट्रेटरची यादी मागवा: किती आले, किती चालू, शेवटचं कधी चालवलं, ऑक्सिजन किती टक्के येतो. रुग्णालयांची यंत्रं बघणारे जैववैद्यकीय अभियंते आणि एखादा अ‍ॅनालायझर एवढ्यावर हे काम भागतं. माझ्या जिल्ह्यात हात कमी पडले तर रविवारी मी येते, आणि बरोबर आणखी दोघं-तिघं येतील.

आपली,
एक रेस्पिरेटरी थेरपिस्ट
कोल्हापूर जिल्हा

ता. क. महावितरण तुमच्या खात्यात येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वीज बंद ठेवण्याआधी घरी ऑक्सिजन असलेल्या ग्राहकाला फोन जावा, एवढी सोय व्हायला हवी. त्यासाठी उपविभागाच्या अभियंत्याला नावांची यादी लागेल, आणि ती आज राज्यात कोणाकडेच मागता येत नाही. डीलरकडे असते, पण ती त्याच्या थकीत भाड्याच्या वहीत.